कार्ड मशीन घ्यायचंय: छोटा रीडर, स्वतंत्र मशीन की नुसता फोन?

कार्ड मशीन विकणारा आधी कमिशनचा दर सांगतो आणि घेणाराही त्याच आकड्यावर घासाघीस करत बसतो. माझ्या मते दर नंतर बघावा. आधी हे बघावं की गिऱ्हाईक पैसे देतं कुठे: गल्ल्यासमोर रांगेत, की त्याच्या दारात, तुम्ही एकटे गेलेले असताना?

पर्याय तीन आहेत. फोनला ब्लूटूथने जोडायचा तळहाताएवढा रीडर, स्वतःचं सिम आणि बहुधा प्रिंटरही असलेलं स्वतंत्र मशीन, आणि वेगळं काहीच न घेता थेट फोनवर कार्ड टॅप करून घेण्याची सोय.

फोनचा पर्याय मोहात पाडतो, कारण नवीन काही विकत घ्यावं लागत नाही. सेवा उपलब्ध असेल तर एनएफसी (कार्ड जवळ धरताच वाचणारी सोय) असलेला अँड्रॉइड किंवा एक्सएस वा त्यानंतरचा आयफोन बहुतेक वेळा चालतो. पण त्यात चिप घालायला खाच नाही. टॅप न होणारं कार्ड आलं की विक्री अडली. मोठ्या रकमेला पिन लागला तर तो तुमच्याच फोनच्या स्क्रीनवर टाकायचा, आणि परक्याच्या फोनवर पिन टाकायला लोक बिचकतात. त्यात त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही. तरीही कार्डाने पैसे देणारे महिन्यातून मोजकेच असतील, तर याहून जास्त खर्च करू नका.

छोटा रीडर चिपही वाचतो आणि टॅपही. घ्याल तर बटणं असलेला घ्या: पिन रीडरमध्येच कूटबद्ध होतो, फोन फक्त पुढे पोचवतो. कार्डाच्या मागची काळी पट्टी वाचणाऱ्या मॉडेलला जादा पैसे मोजू नका. पट्टीवरची माहिती कायम तीच असते म्हणून तिची नक्कल सोपी. चिप मात्र प्रत्येक व्यवहाराला नवा कोड तयार करते. मास्टरकार्डने तर २०२१ मध्येच जाहीर केलं की २०३३ पर्यंत त्यांच्या क्रेडिट-डेबिट कार्डांवर पट्टी उरणार नाही.

या रीडरची खरी अडचण जोडणीची. समोर चार माणसं उभी, रीडरचा दिवा लुकलुकतोय आणि अ‍ॅप ‘रीडर शोधत आहे’ याच्या पुढे सरकत नाही. मध्येच फोन वाजतो. चार्ज ठेवायच्या वस्तू दोन. त्यातून रीडर मालकाच्या फोनला जोडलेला असेल, तर मालक बाहेर पडला की दुकानातलं कार्ड बंद! फिरतीवर एकट्याने काम करणाऱ्याला यातलं फारसं काही बाधत नाही, त्याच्यासाठी हाच उत्तम.

रांग लागत असेल किंवा गल्ल्यावर माणसं बदलत असतील तर स्वतंत्र मशीनच घ्या. जड असतं, बहुधा भाडं लागतं, कागदाचा रोल ऐनवेळी संपतो. पण कुणाच्या फोनवाचून अडत नाही.

आता दर. समजा, एका ठिकाणी भाडं नाही आणि कमिशन २.७५ टक्के, दुसरीकडे महिना ५०० भाडं आणि १.७५ टक्के. फरक एका टक्क्याचा, म्हणजे महिन्याला कार्डाची विक्री ५०,००० च्या वर गेली तरच भाड्याचं मशीन स्वस्त. बिलं लहान असतील तर व्यवहारामागचा ठरावीक आकार जास्त टोचतो. २ टक्के अधिक दर व्यवहाराला ३ रुपये असा दर असेल, तर १०० च्या बिलातून ५ जातात. १,००० च्या बिलातून २३.

करारात किमान मासिक आकार आणि मुदतीआधी सोडल्यास दंड, हे दोन्ही शोधा. पैसे खात्यात कधी येतात आणि रिफंड दिल्यावर कमिशन परत मिळतं का, हे लेखी घ्या. पुष्कळ ठिकाणी मिळत नाही.

‘नेट नसतानाही चालतं’ या जाहिरातीला मात्र जपून. तेव्हा मशीन व्यवहार नुसता साठवून ठेवतं, बँकेची मंजुरी नेट आल्यावर मागितली जाते. तिने नकार दिला तर माल गेलेला असतो आणि नुकसान बहुधा दुकानदाराच्याच माथी येतं. ही सोय वापरायचीच असेल तर सेटिंगमध्ये रकमेची मर्यादा घालता येते का ते बघा, आणि ती कमीच ठेवा.