कोरकू रुग्ण, मराठी दवाखाना: दुभाष्यासाठी सरकारी पैसा कुठे लावावा?

जिल्ह्याचा पीआयपी (राष्ट्रीय आरोग्य अभियानाकडे निधी मागण्याचा आराखडा) लिहिताना किंवा सरकारी रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत दुभाष्याचा विषय निघाला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: नातेवाईक सोबत असतात, आशा आहेत, मग वेगळा खर्च कशाला? हा प्रश्न विचारणाऱ्यांसाठी आणि त्यावर निर्णय घेणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. उदाहरण अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटचं, म्हणजे धारणी आणि चिखलदरा तालुक्यांचं, घेते. 2011 च्या जनगणनेत देशात कोरकू बोलणारे सुमारे 7 लाख 27 हजार होते, आणि महाराष्ट्रात त्यांची मोठी वस्ती धारणी-चिखलदऱ्यात आहे. कोरकू मुंडा कुळातली भाषा. मराठी किंवा हिंदी येणाऱ्याला ती अंदाजानेही समजत नाही. गडचिरोलीतल्या भामरागडच्या माडिया भाषेचंही तसंच, फक्त ती द्रविड कुळातली.

नातेवाईक हा फुकटचा पर्याय, म्हणून सगळीकडे तोच चालतो. तो कसा चालतो ते एका मोठ्या सरकारी रुग्णालयात पाहिलं आहे. मेळघाटातून रेफर होऊन आलेली बाई, सातवा महिना. डॉक्टरांनी विचारलं, अंगावरून जातंय का? नवऱ्याने बायकोकडे न बघताच सांगितलं, नाही, सगळं ठीक आहे. वॉर्डात झाडलोट करणाऱ्या मावशी कोरकू होत्या. त्यांनी तासाभराने सहज तिची विचारपूस केली, तेव्हा कळलं की दोन दिवसांपासून रक्त जात होतं. डॉक्टरांनी प्रश्न बरोबर विचारला होता आणि नवराही खोटारडा नव्हता. बायकोला असलं काही चारचौघांत विचारायचं नसतं, एवढंच त्याला माहीत होतं. दहा वर्षांचा मुलगा दुभाषी असतो तेव्हा तर अनेक प्रश्न डॉक्टरच गिळून टाकतात.

मग मावशींनाच हे काम द्यावं का? त्या दिवशी त्या होत्या म्हणून निभावलं, पण त्यांच्या भरवशावर व्यवस्था उभी करता येत नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या दोन रुग्णालयांच्या बालरुग्ण आपत्कालीन विभागांत स्पॅनिश बोलणाऱ्या कुटुंबांशी झालेलं संभाषण तपासलं गेलं. अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. भाषांतरातल्या एकूण चुकांपैकी उपचारावर परिणाम होऊ शकेल अशा चुकांचं प्रमाण व्यावसायिक दुभाषी असताना 12 टक्के होतं, ऐनवेळी कोणालातरी उभं केलं तेव्हा 22 टक्के, आणि दुभाषीच नसताना 20 टक्के. म्हणजे हाताशी असेल त्याला उभं करणं हे दुभाषी नसण्यापेक्षा बरं ठरलं नाही. 100 तास किंवा जास्त प्रशिक्षण झालेल्या दुभाष्यांच्या बाबतीत मात्र हे प्रमाण 2 टक्के होतं. बैठकीत एकच आकडा मांडायचा असेल तर हा मांडा. भाषा येणं वेगळं, दुभाष्याचं काम येणं वेगळं, आणि पैसा त्या प्रशिक्षणावर लागतो.

आशाताईंचं बळ मोठं आहे, पण ते गावात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात. त्या गावातल्याच असतात, घर ओळखतात, बाई त्यांच्याशी बोलते. तिथे स्वतंत्र पद मागू नये असं माझं मत आहे. आशांना थोडं प्रशिक्षण आणि या कामाचा वेगळा मोबदला दिला तर भागेल. मोबदला मात्र हवाच. पण बाई रेफर होऊन धारणीहून सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या अमरावतीला गेली, की आशा मागे राहते. आजार सर्वांत गंभीर असतो तिथेच तिची भाषा कळणारं कोणी नसतं. मेळघाटसाठीचा पैसा अमरावतीत का खर्च करायचा, हा आक्षेप येईलच. त्याला उत्तर हेच.

फोनवरचा दुभाषी इथे उपयोगी पडतो. ऑस्ट्रेलियात टीआयएस नॅशनल ही सरकारी सेवा चोवीस तास फोनवर दुभाषी देते, आणि तिथले खासगी डॉक्टरही पात्र रुग्णांसाठी ती विनाशुल्क वापरू शकतात. डोंगरातल्या उपकेंद्रात नेटवर्कचा भरवसा नाही, अमरावती-नागपुरात ती अडचण नाही. एकच माणूस अनेक रुग्णालयांना पुरतो, रात्रीही मिळतो. प्रसूतीच्या टेबलावर मात्र फोन अपुरा पडतो. तिथे जवळ उभी राहून बोलणारी बाई लागते.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचंही तसंच. वाहक आणि रुग्ण यांतला फरक, दोन वाहकांच्या प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के, हायड्रॉक्सियुरियाची गोळी रोज का घ्यायची, हे सगळं पुन्हा पुन्हा, समोर बसून सांगावं लागतं. त्यासाठी पूर्णवेळ दुभाषी. चोवीस तास एक माणूस हजर ठेवायचा तर तीन पाळ्या आणि सुट्ट्या धरून किमान चार जण लागतात, त्यामुळे हाच पर्याय सगळ्यांत महाग. म्हणून तो सगळीकडे न मागता धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि अमरावतीच्या स्त्री रुग्णालयात मागावा. बाकी ठिकाणी फोन. बारावी झालेल्या कोरकू मुली यासाठी मिळतील.

ॲपचं थोडक्यात: केंद्र सरकारच्या 'आदि वाणी' या आदिवासी भाषांच्या भाषांतर ॲपच्या 2025 मधल्या पहिल्या टप्प्यात संथाली, भिली, मुंडारी आणि गोंडी होत्या. कोरकू नव्हती. आणि संमतीपत्रावर अंगठा घेताना यंत्राच्या भाषांतरावर विसंबावं असं मला वाटत नाही. रुग्णाला नीट माहिती देऊनच संमती घ्यावी, हे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केलं आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या 2018 च्या रुग्ण हक्क सनदेतही रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती देणं हा हक्क आहे.

उरला पैसा. संस्थेच्या देणगीतून लवकर सुरुवात होते, पण प्रकल्प संपला की माणसं घरी जातात. समितीचा निधी औषधं-डागडुजीतच संपतो. त्यातून फार तर चार-सहा महिन्यांचा प्रयोग करून दाखवता येईल. टिकायचं असेल तर पीआयपीमध्ये किंवा आदिवासी विकासाच्या निधीत स्वतंत्र ओळ हवी. अमेरिकेत सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयांवर दुभाषी देण्याची जबाबदारी 1964 च्या नागरी हक्क कायद्यातून आली. मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेतून त्याचा खर्च मिळवण्याची सोय राज्यांना आहे, पण ती मोजक्याच राज्यांनी वापरली. बाकी ठिकाणी भार रुग्णालयांवर पडला. हक्क कागदावर आणि तरतूद नाही, ही गत आपल्याकडे आधीच आहे.

मागणी करताना भाषा, ठिकाण, पाळ्या, प्रशिक्षणाचे तास आणि मानधन असं सुटं सुटं लिहा. नुसतं 'दुभाषी' लिहिलेलं पहिल्याच कात्रीत जातं. आणि केस पेपरवर रुग्णाच्या भाषेचा रकाना आजच सुरू करा. त्याला पैसा लागत नाही, आणि पुढच्या वर्षी किती पदं हवीत हे त्या नोंदीशिवाय सिद्ध करता येणार नाही.