कालिया कावळ्याचा बांधीव खंड : कोल्हा मरत नाही, म्हणून

पुण्याच्या डेक्कन परिसरातील जुन्या पुस्तकांच्या एका दुकानातून 'टिंकल' या मुलांच्या चित्रकथा-मासिकाच्या ऐंशीच्या दशकातील अंकांचा एक बांधीव खंड मी साडेचारशे रुपयांना घेतला. अंक इंग्रजी आहेत. बऱ्याच पानांवर कुठल्याशा वाचनालयाचा जांभळा शिक्का आहे आणि कोड्यांच्या चौकटींत कोणीतरी पेन्सिलीने उत्तरे भरून पुन्हा खोडलेली आहेत. खंडात गोष्टी, कोडी, विज्ञानाची पाने असे पुष्कळ काही असले, तरी मी तो घेतला केवळ त्यातील एका चित्रमालिकेचा नायक असलेल्या कालिया कावळ्यासाठी, आणि पुढील अभिप्रायही मुख्यतः त्याच्याविषयी आहे.

इंडिया बुक हाउसने 'टिंकल' सुरू केले ते एप्रिल १९८० मध्ये. संपादक अनंत पै होते, आणि 'अमर चित्र कथा' ही मालिका त्यांनी त्याआधीच घरोघरी पोहोचवलेली होती. पौराणिक आणि ऐतिहासिक चरित्रांचा भार वाहणाऱ्या त्या मालिकेपेक्षा 'टिंकल'चा स्वभाव मोकळा होता. याच मासिकात १९८३ मध्ये सुपंडी आणि शिकारी शंभू ही विनोदी पात्रे आली. कालियाची मालिका लेखक लुइस फर्नांडिस आणि चित्रकार प्रदीप साठे यांनी घडवली. तिची मांडणी एका वाक्यात सांगता येते : चमटक नावाच्या कोल्ह्याला आणि डुबडुब नावाच्या मगरीला ससे, हरणे असे काहीतरी खायचे असते, कालिया कावळ्याला त्यांचा बेत कळतो आणि तो बेत फसतो. कीचू आणि मीचू हे दोन ससे तर जणू पकडले जाण्यासाठीच जंगलात राहतात.

या वैराची मुळे आपल्याकडे फार जुनी आहेत. 'पंचतंत्रा'चे तिसरे तंत्र, 'काकोलूकीय', हे कावळे आणि घुबडे यांच्या वैराचेच आहे, आणि त्याचा शेवट घुबडांची गुहा जाळण्यात होतो. कालियाला त्याहून जवळची गोष्ट 'हितोपदेशा'च्या 'मित्रलाभ' प्रकरणात सापडते. चित्रांग नावाचे हरीण, सुबुद्धि नावाचा त्याचा मित्र कावळा आणि हरणाच्या मांसावर डोळा ठेवून मैत्री करणारा क्षुद्रबुद्धि कोल्हा अशी तीन पात्रे त्यात आहेत. हरीण शेतकऱ्याच्या जाळ्यात अडकते, तेव्हा पोट फुगवून, पाय ताठ करून मेल्याचे सोंग घेण्याचा सल्ला कावळा त्याला देतो. शेतकरी जाळे सोडवून गुंडाळू लागताच कावळा ओरडतो, हरीण पळते, आणि शेतकऱ्याने त्याच्यामागे भिरकावलेला सोटा झुडपात दबा धरून बसलेल्या कोल्ह्याला लागून कोल्हा मरतो. पात्रांची वाटणी, फांदीवरून सगळे पाहणारा कावळा आणि शक्तीऐवजी सोंगाने होणारी सुटका हे सारे कालियात जसेच्या तसे भेटते. फर्नांडिस यांच्या मनात नेमकी हीच गोष्ट होती असा माझा दावा नाही; पण नाते डोळ्यांना दिसण्याइतके स्पष्ट आहे.

फरक आहे तो सोट्याचा. चमटक मरत नाही. तो आपटतो, भिजतो, फजित होतो, डुबडुबवर खेकसतो आणि पुढच्या गोष्टीत तितक्याच उमेदीने नवा बेत घेऊन हजर होतो. माझ्या मते या मालिकेचे खरे कर्तृत्व इथे आहे. नीतिकथेला वैर मिटवावे लागते, कारण तिला तात्पर्य गाठायचे असते. मासिकातील मालिकेला ते जिवंत ठेवावे लागते, कारण पुढचा अंक निघायचा असतो. वैर असे कायमचे झाले की त्यातले भय ओसरते आणि ते जवळजवळ शेजारधर्म होऊन बसते. कालियाला चमटकचा नायनाट करावासा वाटताना दिसत नाही, त्याला तेवढा आजचा दिवस निभावून न्यायचा असतो. आपल्या बालवाङ्मयात कावळ्याला अशी भूमिका मिळणे हेही थोडे नवलाचेच, कारण चिऊकाऊच्या गोष्टीत पावसात ज्याचे शेणाचे घर वाहून जाते आणि चिमणीच्या दारात ज्याला तिष्ठत उभे राहावे लागते, तो हाच.

प्राण्यांच्या न संपणाऱ्या वैराची चित्रमालिका म्हटल्यावर अमेरिकेतील 'क्रेझी कॅट'ची आठवण होणे अपरिहार्य आहे. जॉर्ज हेरिमन यांनी १९१३ पासून स्वतंत्रपणे चालवलेल्या त्या मालिकेत उंदीर मांजराला विटा मारतो आणि मांजर त्या विटेला प्रेमाची खूण समजते. हेरिमन १९४४ मध्ये वारले आणि मालिका त्यांच्याबरोबर थांबली. कालियाचे तसे झाले नाही. लेखक-चित्रकार बदलले, २००७ मध्ये 'टिंकल' आणि 'अमर चित्र कथा' एसीके मीडिया या कंपनीकडे गेले, तरी कोल्हा आणि कावळा आपापल्या जागी राहिले.

आता खंडाविषयी. अंक आहेत तसे शिवून वर जाड पुठ्ठा चढवलेला आहे. पाठीवरचे कापड मजबूत आहे, परंतु शिलाई इतकी आत घेतली आहे की डाव्या पानांवरील शेवटच्या चौकटी शिवणीत गेल्या आहेत, आणि चमटकची फजिती बहुधा त्याच चौकटीत असल्यामुळे खंड दोन्ही हातांनी ताणून धरावा लागतो. पिना न काढताच शिवल्यामुळे गंजाचे डाग मधल्या पानांवर उतरले आहेत. एका अंकाचे मधले पानच नाही. दुकानदाराने खंड 'कम्प्लीट' असल्याचे छातीठोकपणे सांगितले होते आणि घरी आल्यावर फोन केला असता 'जुना माल आहे, बघून घ्यायचा असतो' असे उत्तर दिले. पुणेकर ग्राहकास हे उत्तर नवीन नसले, तरी साडेचारशे रुपये मोजल्यानंतर ते गोड लागत नाही.

रंग मात्र टिकले आहेत. काही पानांवर लाल रंग रेषेबाहेर सरकला आहे, पण तो त्या काळच्या छपाईचा दोष आहे, खंडाचा नव्हे.

वाचनाविषयी एक सूचना करावीशी वाटते. अंकाची वाट पाहून वाचण्यासाठी बेतलेल्या या गोष्टी एका बैठकीत सलग वाचल्यास बेत, कानोसा, फजिती हा क्रम फार उघडा पडतो आणि प्रौढ वाचक कंटाळतो. माझ्या सात वर्षांच्या भाचीला तसे वाटत नाही. मी इंग्रजी मजकूर मराठीत सांगत जातो, आणि चमटकचा बेत अर्धा सांगून होताच ती तो कसा फसणार याचे स्वतःचे दोन-तीन पर्याय मांडते. तिचा एखादा पर्याय छापील शेवटापेक्षा सरस असतो.

केवळ कालिया हवा असणाऱ्याने नवे संकलन घ्यावे, ते स्वच्छ असते आणि त्यात पाने गहाळ नसतात. जुन्या अंकांची मूळ मांडणी हवी असल्यास असा खंड जरूर घ्यावा. मात्र दुकानातच पृष्ठांक तपासावेत, मधोमध उघडून शिलाई पाहावी आणि साडेतीनशेच्या वर जाऊ नये.