सेलेनियमचं जुनं लाइट मीटर : एक अख्खा पावसाळा वापरल्यावर

मी अजून फिल्मवर फोटो काढतो. मे महिन्यात मडगावला एका जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात हे मीटर, म्हणजे उजेड मोजून कॅमेऱ्याचं शटर आणि भिंगाचं छिद्र किती ठेवायचं ते सांगणारं यंत्र, मिळालं, 2500 रुपयांना. आता पाऊस संपला, दिवाळी तोंडावर आलीय, म्हणजे खरं काय ते सांगता येईल.

याला सेल लागत नाही, सेल घालायची जागाच नाही. आत सेलेनियमचा थर दिलेली धातूची चकती आहे, उजेड पडला की तीच करंट काढते आणि त्या करंटवर काटा हलतो. ॲडम्स आणि डे यांनी 1876 साली दाखवलेलं की सेलेनियमवर नुसता उजेड पाडला तरी वीज निघते, तीच ही गोष्ट. अंगणात फणसाखाली धरलं की काटा खाली पडून असतो, दोन पावलं उन्हात गेलो की सर्रकन वर जातो, मधलं बटण दाबलं की तिथेच थांबतो, मग तबकडी फिरवून आकडे जुळवायचे. मला अजून दर वेळी बरं वाटतं ते बघून.

पणजीचं पांढरंशुभ्र चर्च कॅमेऱ्याच्या मीटरवर विसंबून काढलं की करडं येतं, कारण तो भिंतीवरून परत आलेला उजेड मोजतो आणि पांढऱ्यालाही मधला करडा धरून चालतो. हे मीटर पायऱ्यांवर उभं राहून कॅमेऱ्याकडे तोंड करून धरायचं, वरची पांढरी अर्धगोल टोपी पडणारा उजेड मोजते, आणि चर्च पांढरंच येतं. एवढ्यासाठी पैसे वसूल.

आता दुखणं. देवळात समईच्या उजेडात काटा हलतच नाही. आणि दमट हवा! मे महिन्यात मिरामारला भर दुपारी आयएसओ 100 ला (फिल्म उजेडाला किती संवेदनशील तो आकडा) 1/100 सेकंद आणि एफ 16 (छिद्राचा आकडा, लहान आकडा म्हणजे मोठं छिद्र) बरोबर दाखवत होतं, परवा त्याच जागी तशाच कडक उन्हात एफ 11 दाखवलं, म्हणजे चकती एक स्टॉप उतरली, उजेड निम्माच धरते, आणि उतरलेली चकती परत चढत नाही. मी आता मीटर आयएसओ 200 वर लावून तेवढी तूट भरून काढतो. घेणार असाल तर दुकानाबाहेर उन्हात तपासूनच घ्या आणि सिलिका जेल घालून घट्ट डब्यात ठेवा, तांदळात नको, कोंडा आत जातो.

बिनसेलची ही चकती अशी उतरते, यामुळेच उजेड मोजणारे ते नवीन, मोजक्या अणूंइतक्या पातळ पापुद्र्यांचे सेन्सर मला एवढे जवळचे वाटतात. गॅरेजात काळं मॉली ग्रीस असतं ना, त्यातलं मॉलिब्डेनम डायसल्फाइड, त्याचे थर एकमेकांवर नुसते टेकलेले असतात आणि एक थर साधारण 0.65 नॅनोमीटरचा. मँचेस्टरला गाइम आणि नोवोसेलोव यांनी 2004 मध्ये चिकटपट्टीने ग्राफाइटचा असाच एकेरी थर, म्हणजे ग्राफीन, सोडवला, 2010 चं नोबेल त्यालाच. तर मॉलिब्डेनम डायसल्फाइडवर टंग्स्टन डायसेलेनाइडचा थर ठेवला (इथे पण सेलेनियम आहेच बघा) की दोघांच्या जोडावर आपोआप विद्युतक्षेत्र तयार होतं, उजेडाने सुटलेले चार्ज ते दोन बाजूंना ओढतं आणि बाहेरून व्होल्टेज न देता करंट मिळतो. शिवाय प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर बसवलं की वाकतं, माझी चकती वाकवायला गेलो तर थर तडकेल.

पण एवढ्या पातळ थरात उजेड अडकतो तरी किती, ग्राफीनचा एक थर फक्त 2.3 टक्के शोषतो, त्यामुळे समईचा प्रश्न नुसत्या पातळपणाने सुटत नाही. ब्लॅक फॉस्फरससारखे काही थर तर उघड्या हवेत खराब होतात, त्यांना बोरॉन नायट्राइडसारखं पांघरूण घालावं लागतं. आमच्याकडच्या जुलैत टिकेल असं पांघरूण घातलेली पट्टी कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर चिकटवता आली तर मी त्याच दिवशी घेईन. तोपर्यंत हेच मीटर, आयएसओ 200 वर.