नंबिओ: पुण्याचा पगार मुंबईत तोलताना

नोकरीसाठी शहर बदलू पाहणाऱ्यांमध्ये ‘नंबिओ’ हे संकेतस्थळ बरेच वापरले जाते. म्लादेन अदामोविच यांनी 2009 मध्ये सुरू केलेली ही सेवा दोन शहरांतील किराणा, प्रवास आणि भाडे यांचे भाव शेजारीशेजारी मांडते, आणि एका शहरातील पगारावर जसे राहता येते तसेच दुसऱ्या शहरात राहायला किती रुपये लागतील, तेही सांगते. पुण्याहून मुंबईला बोलावणे आलेल्या नोकरदाराने तिच्यावर कितपत विसंबावे, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे.

येथील भाव प्रामुख्याने वापरकर्ते भरतात आणि न्यूयॉर्कला 100 धरून निर्देशांक काढला जातो. राहणीखर्चाच्या मुख्य निर्देशांकात घरभाडे नसते, ते वेगळे दाखवले जाते. पुणे आणि मुंबई यांच्यात खरी तफावत डाळ-तांदळाची नसून भाड्याचीच असल्यामुळे, केवळ मुख्य आकडा पाहून होकार कळवणाऱ्याचे गणित पहिल्याच महिन्यात बिघडेल. भाड्याचे रकानेही शहराचा मध्यभाग आणि मध्यभागाबाहेर असे दोनच आहेत, तेही एक किंवा तीन शयनगृहांच्या घरांसाठी. मुंबईचा मध्यभाग फोर्ट धरायचा की वांद्रे-कुर्ला संकुल? बाहेरचा भाग म्हटला की पवई आणि मानखुर्द एकाच सरासरीत जाऊन बसतात. मध्यमवर्गीय कुटुंब ज्याच्या शोधात असते, त्या टू बीएचकेला तर यादीत जागाच नाही.

वस्तूंची यादी पाहता ती कोणाच्या स्वयंपाकघरासाठी केली असावी, असा प्रश्न पडतो. तीत लेट्यूस, कॅपुचिनो, वाइनची बाटली आणि लिव्हाइसची जीन्स आहे. तूरडाळ, गॅस सिलिंडर किंवा धुणीभांडी करणाऱ्या मावशींचा पगार नाही. शाळेच्या शुल्कासाठी आंतरराष्ट्रीय शाळा गृहीत धरली आहे. दूध, तांदूळ, कांदे, पेट्रोल यांचे सुटे भाव मात्र उपयोगी पडतात, आणि माझ्या मते निर्देशांक बाजूला ठेवून तेवढेच उचलावेत.

सेवेला हातात येणारा, कर वजा जाता पगार अपेक्षित असतो. आपल्याकडच्या प्रस्तावपत्रात सीटीसी, म्हणजे कर्मचाऱ्यावर कंपनीला येणारा एकूण वार्षिक खर्च, लिहिलेला असतो आणि त्यात कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीतील वाटा, बहुधा ग्रॅच्युइटीसुद्धा, मिळवलेली असते. ती रक्कम तशीच टाकली तर उत्तर अकारण सुखावह येते. शिवाय नव्या करप्रणालीत घरभाडे भत्त्यावर सूट मिळत नसल्याने मुंबईच्या वाढीव भाड्याचा काही भाग करातून वसूल होईल, ही आशाही त्या प्रणालीत धरता येत नाही.

अनामत, दलाली, सामानाचा टेम्पो आणि अकरा महिन्यांनी करार नव्याने करताना होणारी भाडेवाढ यांपैकी काहीही या तुलनेत येत नाही, त्यामुळे त्याचा हिशेब मांडून वाढीव पगाराची बोलणी होकार देण्यापूर्वीच करावीत.