डेमोतला रेडिओ आणि खोक्यातला रेडिओ: वायरलेस इंटरनेट उपकरणांच्या खरेदीत झालेली फसवणूक

मुंबईच्या पश्चिम उपनगरांत आम्ही दोघे भागीदार इंटरनेट पुरवण्याचा लहानसा व्यवसाय करतो. आमच्या बहुतेक ग्राहकांपर्यंत फायबर पोचलेली आहे. परंतु गोराई आणि मनोरीच्या बाजूला खाडी आडवी येते आणि पावसाळ्यात रस्ता खोदण्याची परवानगी मिळत नाही, त्यामुळे तिकडच्या घरांना आणि छोट्या हॉटेलांना रेडिओनेच जोडणी द्यावी लागते. चारकोपच्या एका उंच इमारतीच्या गच्चीवर मुख्य रेडिओ लावायचे आणि पलीकडे तीनएक किलोमीटरवर प्रत्येक ग्राहकाच्या छपरावर एक लहान युनिट बसवायचे, अशी ही ‘पॉइंट टू मल्टिपॉइंट’ रचना आहे. याच उपकरणांच्या खरेदीत एका पुरवठादाराने आम्हाला फसवले. पैसे घेऊन पसार होणे ही त्याची पद्धत नाही. माल वेळेवर येतो, गच्चीवर चढतो, चालूही होतो, आणि खोट दिसू लागते तोवर शेवटचा रुपयाही चुकता झालेला असतो. लहान इंटरनेट पुरवठादारांनी आणि या धंद्यात नव्याने उतरणाऱ्या केबलचालकांनी ही पद्धत तपशिलात समजून घ्यावी, यासाठी हे लिहीत आहे.

फसवणूक कुठे लपते हे कळण्यासाठी उपकरणाची थोडी माहिती आवश्यक आहे. मुख्य रेडिओ एकाच वेळी अनेक ग्राहकांना सांभाळतो, म्हणजे प्रत्येकाला वेळेचा छोटा तुकडा वाटून देतो, आणि त्याची एकूण क्षमता सर्वांत विभागली जाते. एकाच गच्चीवर निरनिराळ्या दिशांना तोंड करून असे दोन-तीन रेडिओ असतील, तर सर्वांनी एकाच क्षणी प्रक्षेपण करणे आणि एकाच क्षणी ऐकणे गरजेचे असते. अन्यथा एकाच्या प्रक्षेपणाखाली शेजारच्याचे ऐकणे बुडून जाते. हे घड्याळ जुळवण्यासाठी चांगल्या रेडिओत जीपीएस रिसीव्हर असतो. काही कंपन्या हेच उपकरण दोन आवृत्त्यांत विकतात. एका आवृत्तीत पूर्ण ग्राहकसंख्या खुली असते, तर दुसऱ्या, स्वस्त आवृत्तीत ती दहावर अडवलेली असते आणि पुढे कंपनीकडून लायसन्स की, म्हणजे ही मर्यादा खुली करणारा कोड, विकत घेऊन वाढवावी लागते. बाहेरून दोन्ही आवृत्त्या सारख्याच दिसतात, आणि पुढच्या सगळ्या प्रकाराचे मूळ या साम्यातच आहे.

पुरवठादाराने स्वतःला एका नामांकित परदेशी कंपनीचा अधिकृत वितरक म्हणून सादर केले. लेटरहेड, जीएसटी क्रमांक, कंपनीचे म्हणून दाखवलेले वितरकपत्र आणि भिवंडीच्या गोदामाचा पत्ता, हे सगळे व्यवस्थित होते. दर बाजारभावापेक्षा साधारण चतुर्थांश कमी होता आणि त्याचे कारण ‘तिमाहीअखेरचा साठा’ असे सांगण्यात आले. या धंद्यात तिमाही संपताना वितरक खरोखरच दर पाडतात, त्यामुळे कारण पटण्याजोगे होते. त्याहून पटण्याजोगा होता त्याने आपणहून दिलेला डेमो.

डेमोसाठी त्याने स्वतःचा रेडिओ आणि दोन ग्राहक युनिटे आणली. सकाळी लवकर, हवेत गर्दी कमी असताना, ८० मेगाहर्ट्झ रुंदीची वाहिनी (वाहिनी जितकी रुंद तितका वेग जास्त) निवडून त्याने असा काही वेग दाखवला की सोसायटीचा चौकीदारही मोबाइल काढून पाहू लागला. प्रत्यक्ष व्यवसायात एवढी रुंद वाहिनी क्वचितच मिळते, कारण शेजारच्या गच्च्यांवरही अशीच उपकरणे बोलत असतात आणि २० किंवा ४० मेगाहर्ट्झमध्ये भागवावे लागते. हे आम्हाला ठाऊक होते आणि त्या हिशेबाने आम्ही अपेक्षा कमीच धरली होती. आमच्या तंत्रज्ञाने डेमोचे चित्रीकरण केले, आणि त्यात लॅपटॉपच्या पडद्यावरचे मॉडेलचे नाव, आवृत्ती, मॅक पत्ता (प्रत्येक उपकरणाचा स्वतंत्र ओळख-क्रमांक) आणि जीपीएसने पकडलेल्या उपग्रहांची संख्या स्पष्ट दिसते. डेमोतला रेडिओ खरा, नवा आणि पूर्ण आवृत्तीचा होता, एवढे आज खात्रीने सांगता येते.

अर्धी रक्कम आगाऊ आणि उरलेली माल गोदामातून निघण्यापूर्वी, अशी अट होती. रक्कम भरायच्या खात्यावरचे नाव फर्मचे नव्हते; ‘आमचीच दुसरी फर्म आहे, बिल याच नावाने येईल’ असे उत्तर मिळाले आणि परफॉर्मावर, म्हणजे मालाआधी दिलेल्या तात्पुरत्या बिलावर, तसा शिक्काही मारून आला. एप्रिल २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार आरटीजीएस आणि एनईएफटी करण्यापूर्वी खातेदाराचे नाव पडद्यावर पाहण्याची सोय झाली आहे. ते नाव बिलावरच्या नावापेक्षा वेगळे निघाले, तर स्पष्टीकरण कितीही गोड असो, रक्कम पाठवू नये.

माल आला तेव्हा खोकी सीलबंद होती. पहिला रेडिओ लावला, सुरुवातीचे ग्राहक जोडले आणि काम सुरळीत चालले. अकरावे युनिट मात्र काही केल्या नोंदले जाईना. पुरवठादाराने फोनवर हसत सांगितले की लायसन्स की मेलवर यायची राहिली आहे. ती आली, पण रेडिओने ती नाकारली, कारण लायसन्स की एका विशिष्ट मॅक पत्त्यासाठीच तयार होते आणि आलेली की दुसऱ्याच कुठल्या रेडिओची होती. दरम्यान त्याच गच्चीवर दुसरा रेडिओ चालू करताच पहिल्यावरच्या ग्राहकांचा वेग कोसळला. मोकळ्या आकाशाखाली असूनही दोन्ही रेडिओंच्या पडद्यावर उपग्रहांची संख्या शून्य होती. स्टिकरवर जीपीएस असलेल्या मॉडेलचा क्रमांक होता, आत मात्र तो भागच नव्हता.

या टप्प्यावर पुरवठादाराने पावसाची ढाल पुढे केली. जून सुरू झाला होता, आणि ‘मुंबईच्या पावसात वायरलेसचे असेच होते’ हे वाक्य ऐकून बरेच जण गप्प बसतात. आमचे रेडिओ ज्यात चालतात त्या ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ही सबब टिकत नाही. ताशी १०० मिलिमीटर वेगाने कोसळणाऱ्या पावसातही या वारंवारतेला किलोमीटरमागे साधारण डेसिबेलभरच घट होते, म्हणजे आमच्या अंतराला तीनेक डेसिबेल. आणि चांगल्या जोडणीत त्याहून कितीतरी जास्त राखीव सिग्नल ठेवलेला असतो. पावसाचा खरा मार दहा गिगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यांना बसतो. पावसाळ्यात आमच्याकडे बिघाड होतात हे खरे, पण ते कनेक्टरमध्ये पाणी शिरल्यामुळे किंवा वाऱ्याने पोल फिरल्यामुळे होतात, आणि येथे ऊन पडलेल्या दिवशीही तीच रडकथा होती. मग त्याने खाडीपलीकडचा अडथळा सांगून पाहिला. तीन किलोमीटरच्या मार्गावर मध्यभागी रेडिओलहरींना चहूबाजूंनी सुमारे सहा मीटर मोकळी जागा लागते. आमची गच्ची उंच, खाली कांदळवन आणि पाणी, तेव्हा तेही कारण उरले नाही.

यानंतर त्याच्या माणसाने जे सुचवले ते मला फसवणुकीपेक्षाही गंभीर वाटते. त्याने रेडिओच्या सेटिंगमध्ये देश बदलून चाचणीचा पर्याय निवडायला सांगितले, म्हणजे प्रक्षेपणशक्तीवरची मर्यादा आणि रडार ओळखून वाहिनी सोडण्याची सोय, दोन्ही बंद पडतात. ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने ५१५० ते ५३५० आणि ५४७० ते ५८७५ मेगाहर्ट्झ हे पट्टे, म्हणजे एकूण ६०५ मेगाहर्ट्झ, परवान्याशिवाय वापरण्यास खुले झाले, पण शक्तीच्या मर्यादा आणि उपकरणाची मान्यता यांतून कोणालाही सूट मिळालेली नाही. याच पट्ट्याच्या मधल्या भागात हवामानाची सी-बँड रडारे चालतात आणि तसे एक रडार आपल्याच शहरात, अंधेरीच्या वेरावली येथे, २०२२ पासून कार्यरत आहे. ज्या रडारवर मुंबईच्या पावसाचे अंदाज अवलंबून असतात, त्यावरच आपल्या गच्चीवरून गोंगाट पाठवायचा आणि उद्या तक्रार झाली की जबाबदारी इंटरनेट सेवेच्या परवानाधारकाची, म्हणजे आमची. आम्ही ते केले नाही आणि त्या दिवसापासून त्याच्याशी फोनवर बोलणे थांबवून प्रत्येक गोष्ट लेखी मागू लागलो.

लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारपेठेतल्या एका जुन्या दुरुस्ती-कारागिराकडे आम्ही एक रेडिओ नेला. या बाजारपेठेला सरसकट नावे ठेवणाऱ्यांनी असे कारागीर एकदा भेटावेत. त्याने न उघडताच सांगितले की हा उन्हात राहून आलेला माल आहे: प्लास्टिकच्या आवरणाची एक बाजू किंचित पिवळी, पोलला आवळण्याच्या पट्टीचे ओरखडे, केबलच्या सॉकेटमधल्या सोनेरी पट्ट्यांवर वारंवार घातल्या-काढल्याच्या रेघा. हेअर ड्रायरने वरचा स्टिकर सोडवला तेव्हा खाली दुसरा निघाला, आणि खालच्या स्टिकरवरचा मॅक पत्ता हाच रेडिओच्या आत, सॉफ्टवेअरच्या पडद्यावर दिसत होता. कंपनीच्या संकेतस्थळावर खालचा सिरियल क्रमांक टाकल्यावर त्याची वॉरंटी कधीच संपलेली निघाली. वरचा क्रमांक तेथे अस्तित्वातच नव्हता. कंपनीला मेल केल्यावर उत्तर आले की या नावाचा त्यांचा कोणी वितरक नाही.

एवढे झाल्यावर कागद पुन्हा बारकाईने वाचले. बिनतारी उपकरण भारतात विकण्यासाठी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची उपकरण-मान्यता, जिला सगळे ‘ईटीए’ म्हणतात, ती लागते आणि ती सरल संचार या पोर्टलवरून मिळते. आम्हाला दिलेले प्रमाणपत्र खरे होते, परंतु दुसऱ्या कंपनीच्या नावाने काढलेले आणि मॉडेल क्रमांकाच्या शेवटच्या अक्षरात वेगळे असलेले. जून २०२१ पासून परवानाधारकांनी नव्याने जोडायची उपकरणे विश्वसनीय स्रोतांकडूनच घ्यावीत असाही सरकारचा निर्देश आहे. ज्या रेडिओचा खरा मालक आणि प्रवास ठाऊक नाही, तो जाळ्यात ठेवून त्या निर्देशाचे पालन झाले असे कोणत्या तोंडाने सांगणार? तिसरा फटका जीएसटीचा. पुरवठादाराने विवरणपत्र भरलेच नव्हते, त्यामुळे बिल आमच्या जीएसटीआर-२बीमध्ये, म्हणजे वजावटीस पात्र खरेदीच्या पोर्टलवरील यादीत, उतरले नाही आणि आम्ही भरलेल्या १८ टक्के कराची वजावटही गेली.

दाद मागण्याबाबत जे समजले ते इतरांच्या उपयोगी पडेल. पोलीस ठाण्यात पहिले उत्तर ‘हा तुमचा दिवाणी वाद आहे’ असेच मिळते. माल खराब निघाला एवढेच सांगितले तर ते उत्तर चुकीचेही म्हणता येत नाही. पण स्टिकर बदलून जुना माल नवा म्हणून विकणे यात हेतू पहिल्यापासूनच खोटा असतो, म्हणून तक्रारीत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ चा उल्लेख करून दोन्ही स्टिकरची छायाचित्रे शेजारी शेजारी जोडावीत. ग्राहक आयोगाकडे जाण्याचा सल्ला अनेकांनी दिला. परंतु २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी केलेली खरेदी ‘ग्राहक’ या व्याख्येबाहेर ठेवलेली आहे. स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला तेवढी सवलत आहे, भागीदारीतल्या इंटरनेट कंपनीला ती मिळणे कठीण. वकिलांनी आम्हाला १९३० च्या माल विक्री कायद्याकडे वळवले. त्याच्या कलम १७ प्रमाणे नमुना दाखवून विक्री झाली असेल तर पाठवलेला माल नमुन्याशी जुळलाच पाहिजे, आणि आमच्याकडे नमुन्याचे चित्रीकरण होते. मात्र माल स्वीकारून वाजवी मुदतीत नाकारल्याचे कळवले नाही, तर तो स्वीकारला असे धरले जाते. म्हणून दोष दिसताच फोनवर समजुती काढत न बसता लेखी नकार पाठवणे फार महत्त्वाचे ठरते. तीन लाखांवरचा व्यापारी दावा व्यापारी न्यायालयात जातो आणि तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर त्याआधी मध्यस्थीचा टप्पा अनिवार्य आहे. मोबाइलवरचे चित्रीकरण पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते, तेव्हा मूळ फाइल ज्या फोनमध्ये आहे तो फोन विकू किंवा रीसेट करू नये.

आता आम्ही कोणाकडूनही रेडिओ घेताना पैसे देण्यापूर्वी सर्व नगांच्या मॅक आणि सिरियल क्रमांकांची यादी मागतो आणि ती थेट कंपनीकडून तपासून घेतो. खऱ्या वितरकाला यात काहीच अडचण नसते. माल आल्यावर प्रत्येक नग टेबलावरच चालू करून स्टिकर, खोके आणि सॉफ्टवेअरचा पडदा असे तिन्ही एकाच फोटोत घेतो, आणि एका रेडिओला अकराहून अधिक युनिटे जोडून पाहिल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडत नाही.

आमचा दावा सध्या मध्यस्थीच्या टप्प्यावर आहे आणि समोरचा पक्ष दोनदा तारखेला आलेला नाही. दरम्यान वसईच्या एका व्यावसायिक मित्राला नव्या नावाच्या एका फर्मकडून कोटेशन आले आहे. दर बाजारापेक्षा चतुर्थांश कमी, गोदाम भिवंडीला, डेमो मोफत. आणि सोबत जोडलेले ईटीए प्रमाणपत्र तेच, शेवटचे अक्षर न जुळणारे. मित्राने मॅक क्रमांकांची यादी मागितल्यापासून त्या फर्मचा फोन आलेला नाही.