शिकागो की लंडन: दोन्ही सिरीज अर्ध्या झाल्यावर पुढचा भाग कुठला घ्यावा

मागच्या महिन्यात भाचीचा मेसेज आला, "मामा, ड्रेस्डेनचे सहा झाले, रिव्हर्स ऑफ लंडनचे चार झाले, आता एकच पुढे नेणारे, कुठली नेऊ?" दोन्ही इंग्रजीतल्या, आजच्या शहरात घडणाऱ्या जादूच्या कादंबऱ्यांच्या सिरीज, 'ड्रेस्डेन फाइल्स' शिकागोतली आणि 'रिव्हर्स ऑफ लंडन' लंडनमधली. आता अशा प्रश्नाला एका ओळीत उत्तर द्यायचं असतं, पण मी दोन्ही सिरीज बऱ्याच पुढेपर्यंत वाचल्यात आणि मधे एकदा एक सोडूनही दिली होती, त्यामुळे उत्तर लांबलं. तेच इथे जरा नीट लिहितोय. सुरुवात कुठून करावी हे सांगणारे ढीगभर लोक आहेत, पण सातवा, आठवा, पंधरावा भाग हातात घेताना काय होतं हे फारसं कुणी बोलत नाही, आणि खरी फसगत तिथेच होते.

हॅरी म्हणजे शिकागोचा जादूगार, पीटर म्हणजे लंडनचा पोलीस आणि नाइटिंगेल म्हणजे त्याचा जादूतला गुरू, एवढं सांगून बाकी सगळं धरून चालतोय. कथानकंही शक्यतो फोडत नाही.

आधी शिकागो. जिम बुचरची ही सिरीज २००० साली सुरू झाली आणि खरं सांगायचं तर पहिले दोन भाग मी ढकलत ढकलत वाचले होते, पण भाची जिथे थांबलीय ना, सहाव्यापाशी, तिथून पुढे गाडी जी सुटते ती सुटतेच. सातव्यात, म्हणजे 'डेड बीट'मध्ये, फील्ड म्युझियममधल्या सू नावाच्या टी-रेक्सच्या सांगाड्याचं काय होतं ते सांगत नाही, पण कंपनीच्या बसमध्ये वाचताना मी मोठ्याने हसलो होतो आणि शेजारचा माणूस दचकून जागा झाला होता. तिथून बाराव्या भागापर्यंत एकही भाग मला पडेल वाटला नाही. बारावा म्हणजे 'चेंजेस'. एक गंमत बघा, या सिरीजमधल्या सगळ्या कादंबऱ्यांची नावं दोन शब्दांची आहेत आणि दोन्ही शब्दांत इंग्रजी अक्षरं सारखीच, पाच-पाच, चार-चार, सहा-सहा, फक्त हा बारावा एकटा एका शब्दाचा. नावातच सांगून ठेवलंय की इथे पट उधळणार. आणि उधळतोच.

लंडनवाली सिरीज अशी सुटत नाही. बेन आरोनोविचचा पीटर ग्रँट हा आधी पोलीस आणि मग जादूगार, त्यामुळे प्रत्येक भागात पंचनामा, जबाब, वरिष्ठांचे फोन, चहा, परत जबाब असं चालतं आणि मधेच साहेब एखाद्या बिल्डिंगच्या आर्किटेक्चरवर अर्धं पान बोलतात. तुम्हाला ते आवडलं तर आवडलं. मला आवडतं, पण मी सरकारी ऑफिसात वाढलेल्या घरातला माणूस आहे, वडील जेवताना फाइलींच्याच गोष्टी सांगायचे, तेव्हा माझं मत जरा बाजूला ठेवा.

दोन्हीतला फरक मला एका छोट्या गोष्टीत सगळ्यात जास्त दिसतो. दोन्हीकडे जादूमुळे इलेक्ट्रॉनिक वस्तू बिघडतात. शिकागोचा हॅरी यावर काय करतो, तर जुनी बीटल चालवतो, घरात मेणबत्त्या लावतो, बर्फाची पेटी वापरतो आणि कुरकुर करतो. लंडनचा पीटर जळलेला मोबाइल उघडून बघतो, आतल्या चिपची वाळू झालेली दिसते, मग किती अंतरावर किती जादू केली की काय जळतं याचे प्रयोग करत बसतो आणि शेवटी फोनला बॅटरी तोडणारा खटका बसवून घेतो. एक नशीब म्हणून सोडून देतो, दुसरा जुगाड करतो. पुढच्या भागांमध्ये दोघांचे स्वभाव याच रस्त्याने जातात, हॅरीवर संकटं चढत जातात आणि पीटरची कामाची पद्धत मुरत जाते.

आता माझी अडचण, जिच्यामुळे माझ्यापुरता निकाल लागला.

मी सलग वाचणारा माणूस नाही. बसमध्ये जाताना पाऊण तास, येताना पाऊण, त्यात अर्धा वेळ झोप. एक कादंबरी संपली की तीन-चार महिने दुसरंच काहीतरी. शिकागोतली पंधरावी 'स्किन गेम' २०१४ ची, ती मी वर्षभराने वाचली, आणि त्यानंतरची 'पीस टॉक्स' आली थेट जुलै २०२० मध्ये. सहा वर्षं. लॉकडाऊन होता, बस बंद, वेळच वेळ, पहिल्याच दिवशी ई-बुक रीडरवर उतरवून घेतली. दुसऱ्या रात्री दोनच्या सुमाराला खाली कोपऱ्यात ९० टक्के दिसायला लागले आणि गोष्ट मिटायच्या ऐवजी आणखी उघडायला लागली. ९३. नवी माणसं येतायत. ९६. आता लढाई सुरू होणार असं वाटतंय. मी उठून पाणी प्यायलो, परत येऊन टक्का बघितला, म्हटलं रीडर अडकला असेल. नव्हता अडकला. पुस्तकच तिथे संपलं.

आता यात फसवाफसवी काही नव्हती हे आधी सांगतो. एकच गोष्ट लिहिता लिहिता मोठी झाली म्हणून तिची दोन पुस्तकं केली, दुसरं 'बॅटल ग्राउंड' २९ सप्टेंबरला येणार हे आधीच जाहीर होतं, मीच लक्ष दिलं नव्हतं. अडीच महिने म्हणजे काही फार नाही. पण ते आलं तोवर माझं वर्क फ्रॉम होम असं काही सुरू झालं होतं की पुस्तक हातात घ्यायला डिसेंबर उजाडला, आणि पहिल्या वीस पानांतच लक्षात आलं की कोण कुणाच्या बाजूने आहे, कुणी कुणाला शब्द दिलाय, कुणाचं कुणावर ऋण आहे, यातलं मला काहीही आठवत नाहीये. म्हणून आधीचं परत वाचलं. ते वाचताना कळलं की त्याच्या आधीचंही परत वाचायला हवं होतं. म्हणजे एक वाचायला दोन, दोन वाचायला तीन, हे आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या बिलासारखं झालं, मागची बाकी कधी फिटतच नाही.

यातला खरा चीड आणणारा भाग वेगळाच आहे. या सिरीजमध्ये प्रत्येक भागात आठवण करून देतात, नाही असं नाही, पण जे मला झोपेतही आठवतं त्याचीच. जादूगाराच्या डोळ्यांत बघायचं नाही. बॉब नावाचा आत्मा कवटीत राहतो. कोट चामड्याचा आहे आणि त्यावर मंत्र आहेत. हे सतरा वेळा. आणि जे मी विसरलोय, म्हणजे अमुक दरबाराने तमुक उपकार चार पुस्तकांपूर्वी कुठल्या अटीवर केला होता, ते मात्र एका वाक्यात उडवून पुढे. सलग वाचणाऱ्याला पहिलं खुपेल, थांबून वाचणाऱ्याला दुसरं. मला दोन्ही खुपलं.

लंडनकडे हे होत नाही असं मी म्हणणार नाही. उलट तिथे आठवण करून देण्याची पद्धतच नाही, पीटरची पोलीस सहकारी साहरा गुलीद आली की आली, आधीच्या भागात तुम्ही तिला भेटला होतात हे तुमचं तुम्ही बघा. पण तिथे प्रत्येक भागात एक केस असते आणि ती केस त्या भागात मिटते. मागचा धागा अर्धामुर्धा विसरला तरी पोलीस स्टेशनात नवीन बदलून आलेल्या माणसासारखं तुम्ही बसून घेता, दोन दिवसांत कळतं कोण काय ते. मी 'द हँगिंग ट्री' आणि 'लाइज स्लीपिंग' यांच्यात दोन वर्षं जाऊ दिली होती, तरी काही अडलं नाही, आणि दुसऱ्या भागापासून चाललेल्या खलनायकाचा हिशोब त्या 'लाइज स्लीपिंग'मध्ये बऱ्यापैकी चुकता होतो. त्यानंतरचे तीन, म्हणजे 'फॉल्स व्हॅल्यू', 'अमंग्स्ट अवर वेपन्स' आणि २०२५ ची अॅबरडीनमध्ये घडणारी 'स्टोन अँड स्काय', हे तर वाटल्यास सुटे सुटे घ्या.

लंडनचं दुखणं दुसरं आहे, फाटे. मुख्य कादंबऱ्या दहा, पण मधे मधे लघुकादंबऱ्या, एक जर्मनीतली, एक अमेरिकेतली, एक नाइटिंगेलच्या तरुणपणीची न्यूयॉर्कमधली, शिवाय कॉमिक्स वेगळी आणि त्या कॉमिक्समधल्या गोष्टी मुख्य सिरीजच्या मधल्या काळात घडतात. त्यामुळे कधी कधी एखादा उल्लेख येतो आणि वाटतं आपलं पान गळलं की काय. मला दोन-तीनदा असं झालं. थोडं टोचतं. पण पुढे वाचायचं थांबत नाही, एवढाच मुद्दा.

आणखी दोन गोष्टी, पटकन. शिकागोतली बायकांची वर्णनं. हॅरी स्वतःला जुन्या वळणाचा समजतो वगैरे ठीक आहे, पण भाची शेजारी बसली असताना नाशिक रस्त्यावर गाडीत ऑडिओबुक दोनदा बंद करावं लागलं आणि दोघांनीही खिडकीबाहेर बघितलं. पीटरही काही संत नाही, पण तो स्वतःवर हसतो, त्यामुळे निभतं.

दुसरं, ऐकणार असाल तर दोन्हीकडे चैन आहे. शिकागोला जेम्स मार्स्टर्सचा आवाज, दमलेला, खरखरीत, अगदी हॅरीच. तेराव्या भागाला आधी दुसऱ्याचा आवाज होता, लोक हळहळले, पुढे मार्स्टर्सच्या आवाजात परत रेकॉर्ड झालं, घेताना तेवढं बघून घ्या. लंडनला कोबना होल्डब्रुक-स्मिथ, आणि त्याच्याबद्दल मी फार बोललो तर तोल जाईल. पीटरची सिएरा लिओनची आई, नाइटिंगेलचं खानदानी इंग्रजी, सगळं एकाच गळ्यातून. माझा बसमधला रीडर हल्ली बॅगेतच राहतो.

नद्यांचं बोललो नाही अजून. मामा थेम्स ही नायजेरियातून नर्सिंग शिकायला आलेली बाई, जी नदीची देवी होऊन बसलीय, आणि तिच्या मुली म्हणजे लंडनच्या उपनद्या, त्यातल्या काही आता जमिनीखालून गटार होऊन वाहतात आणि तरी ठसका कमी नाही. इंग्रज वाचकाला हे नवल वाटत असेल, आपल्याला नाही. माझी आजी गोदेला ओटी वाहताना तिच्याशी एकेरीत बोलायची, यंदा आलीस ती पार दुकानात शिरलीस म्हणून रागवायचीसुद्धा. त्यामुळे पीटर नदीशी वाटाघाट करायला जातो तेव्हा मला ती कल्पना म्हणून वाचावी लागत नाही. शिकागोतल्या परींच्या उन्हाळी-हिवाळी दरबारांशी माझं असं कधी जुळलं नाही. दोष माझा असेल.

तर ज्याला दिवाळीची चांगली दहा-बारा दिवस सुट्टी आहे आणि झपाटून वाचायची सवय आहे त्याने शिकागो सात ते बारा सलग घ्यावं, त्या सहा पुस्तकांची मजा लंडनमध्ये नाही हे मी मान्य करतो. तेरावा लगेच हाताशी ठेवा, बाराव्याच्या शेवटानंतर झोप लागणार नाही. सोळावा आणि सतरावा मात्र दोन्ही घरात असल्याशिवाय सोळावा उघडू नका, तुमच्या रीडरवर कितीही टक्के दिसोत. नंतरच्या 'ट्वेल्व्ह मंथ्स'साठी परत पाच वर्षांच्या वर वाट बघावी लागली, तेव्हा घाईही काही नाहीये.

बाकी माझ्यासारखे, बसवाले, डुलक्या घेणारे, मधेच दुसरं पुस्तक धरणारे, त्यांनी लंडनच पुढे न्यावं असं आपलं मला वाटतं. चौथ्या 'ब्रोकन होम्स'च्या शेवटी जो धक्का बसतो त्यानंतर पाचवा भाग 'फॉक्सग्लव्ह समर' येतो आणि तो मुद्दाम हळू आहे, हेरफर्डशरमधलं एक गाव, दोन हरवलेल्या मुली, कडक उन्हाळा, मधमाश्या पाळणारा एक म्हातारा निवृत्त जादूगार. काहींना तो मुख्य गोष्टीपासून लांब गेल्यासारखा वाटतो. मला तो सगळ्यात आवडतो, दोनदा वाचलाय आणि एकदा ऐकलाय.

भाचीला तोच दिला. चार दिवसांनी मेसेज आला, "मामा, साठ पानं झाली, लंडन कुठंय यात?"