रबाळ्यात घेतलेले शेकिंग टेबल: सहा महिन्यांनंतर

रबाळे एमआयडीसीतील आमच्या छोट्या प्रयोगशाळेसाठी आम्ही जवळच्याच एका उत्पादकाकडून शेकिंग टेबल, म्हणजे जड आणि हलके खनिज कण वेगळे करणारे हलते टेबल, घेतले. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूतले इल्मेनाइट हे टायटॅनियमचे खनिज, ज्याची सापेक्ष घनता सुमारे ४.७ असते, ते २.६५ घनतेच्या क्वार्ट्झपासून वेगळे करण्याचे काम पाण्याचा पातळ थर, टेबलावरील उभारलेल्या पट्ट्या आणि असमान झटके यांच्या जोरावर हे यंत्र चोख करते, आणि जड कणांचा काळा पट्टा हळूहळू उमटताना पाहण्यात आजही आमचा थोडा वेळ वाया जातो. मात्र माल आधी चाळून कणांचा आकार जवळपास सारखा केला नाही, तर बारीक क्वार्ट्झ भरड इल्मेनाइटसोबत येते. हा दोष यंत्राचा नव्हे. खरी तक्रार आहे ती उतार बदलण्याच्या स्क्रूची, कारण तो पहिल्याच पावसाळ्यात गंजला आणि पाच-सहा फोन केल्यावर, तिसऱ्या आठवड्यात, कारागीर आला. स्क्रू स्टेनलेस स्टीलचा मागून घ्यावा. आवाज बऱ्यापैकी होतो. काँक्रीटचा भक्कम पाया नसेल, तर शेजारचा गाळेवाला नक्की येऊन विचारेल.